लोकरीच्या दुकानांतील बैठक

गुरुवारीं दुपारीं चार वाजले, कीं पुण्याच्या जुन्या वस्तींतील एका अरुंद बोळांत लोकरीच्या लहानशा दुकानापुढें चपलांची संख्या वाढूं लागते. दुकान कसलें, दहा पावलांची एक खोली! भिंतीला कपाटें, कपाटांत नाना रंगांचे लोकरीचे गुंडे, आणि गल्ल्यापुढें एक बांक व तीन-चार स्टुलें. येथें जमणाऱ्या मंडळाला नांव नाहीं, अध्यक्ष नाहीं, वर्गणीही नाहीं. जिला सवड असेल तिनें आपली पिशवी घेऊन यावें, चार ओळी विणाव्या आणि दिवेलागणीला घरीं जावें, एवढाच काय तो नियम. गेले कांहीं महिने आम्हीही तेथें जाऊन बसतों. जें पाहिलें, तें वाचक-भगिनींपुढें ठेवावें असें वाटतें.

विणकाम पुस्तकावरून, किंवा हल्लीं चित्रफितींवरूनही, शिकतां येतें हें खरें. सुलटा व उलटा हे मूळचे दोन टाके. बहुतेक सारी नक्षी त्यांच्याच मांडणींतून उठते. परंतु एकीचा हात घट्ट, तर दुसरीचा सैल. त्यामुळें सुया त्याच, लोकर तीच आणि टाकेही तेवढेच असून एकीचा स्वेटर अंगाला आवळतो आणि दुसरीचा खांद्यावरून ओघळतो. हा भेद पुस्तकाला दिसत नाहीं. शेजारीं बसलेलीला मात्र तत्काळ दिसतो. सुटलेला टाका चार ओळी खालीं घरंगळला, तरी सारें उसवण्याचें कारण नाहीं. क्रोशाच्या सुईनें तो एकेक ओळ वर चढवीत आणतां येतो, हें आम्ही याच बांकावर शिकलों.

आम्हांला हें शिकविणाऱ्या आजी पंचाहत्तरीच्या आहेत. यजमान जाऊन अकरा वर्षें झालीं. तेव्हांपासून शेजारपाजारच्या हळदीकुंकवाचें बोलावणें त्यांना येत नाहीं. एकदां बोलतां बोलतां त्या सहज म्हणाल्या, "इथें कुणालाच बोलावणें नसतं, म्हणून मला येतां येतं हो!" त्या दिवशीं आमच्या सुया क्षणभर थांबल्या.

मंगळागौर काय, हळदीकुंकू काय, आमच्यांतील स्त्रियांच्या एकत्र जमण्याला बहुधा सौभाग्याची अट असे, आणि पुष्कळ घरीं ती अजूनही आहे. ही अट बाजूला सारणाऱ्या जागा पुण्यामुंबईंत पूर्वींच निघाल्या. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढलें. १८९६ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. पुण्याचें सेवासदन १९०९ मध्यें सुरू झालें. त्याच्या सूत्रधार रमाबाई रानडे यांना स्वतःला १९०१ सालीं वैधव्य आलें होतें. तेथें शिवणकाम शिकवीत, तें स्त्रीला आपल्या पायांवर उभें राहतां यावें म्हणून. आज आमच्या आजींना पोटासाठीं विणण्याची गरज नाहीं. पण चारचौघींत बसण्याची गरज आहे, आणि तीही कांहीं कमी प्रतीची नव्हे.

अशा बैठकींत दुकानाचाच फायदा, असें कोणी म्हणेल. दुकानाच्या मालकीणबाई हें मोकळेपणानें कबूल करतात. बसायला आलेली बाई एखादा गुंडा घेऊनच उठते. तसें कां असूं नये? बांक त्यांचा, दिवा त्यांचा!

गेल्या संक्रांतीची एक गोष्ट सांगून थांबतों. आजींच्या हाताखालीं शिकणाऱ्या एका नवविवाहित मुलीनें आपल्या घरच्या हळदीकुंकवास आजींना आग्रहानें बोलाविलें. सासूबाई प्रथम जरा घुटमळल्या. मग त्यांनींच पाट पुढें सरकविला. आजींनीं तिळगूळ घेतला, वाण घेतलें, कुंकवाला मात्र हंसून म्हणाल्या, "पुढल्या वर्षीं पाहूं."

बोलावण्यावांचून जेथें बसतां येतें, अशी एक जागा प्रत्येक वस्तींत असावी. वाचक-भगिनींच्या घराजवळ लोकरीचें दुकान असेल, तर तेथें दोन स्टुलें मागून पाहावीं. आणि जातांना शेजारच्या एखाद्या आजींनाही बरोबर न्यावें.