फोन घरात, मुलं रांगेत

ग्रामीण भारतात १४ ते १६ वर्षांच्या दर १०० मुलांपैकी जवळपास ९० जणांच्या घरी स्मार्टफोन आहे. 'असर' २०२४ या पाहणीतला हा आकडा आहे. ६०५ जिल्ह्यांतल्या १७,९९७ गावांत फिरून तो काढलेला असल्यानं हलक्यात घेता येत नाही. त्यावर भिस्त ठेवली की पुढचं सगळं सोपं वाटू लागतं. बाईंनी व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ टाकायचा, मुलांनी घरी बघायचा, दुसऱ्या दिवशी वर्गात त्यावर बोलायचं.

त्याच पाहणीतले पुढचे आकडे एकाखाली एक लिहून पाहू. स्मार्टफोन वापरता येतो ८२.२ टक्के मुलांना. वापरता येणाऱ्यांपैकी मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरला ५७ टक्क्यांनी, म्हणजे गुणाकार केला तर शंभरातल्या साधारण ४७ मुलांनी. समाजमाध्यमांसाठी वापरला ७६ टक्क्यांनी, म्हणजे शंभरातल्या साधारण ६२ मुलांनी. घरी फोन असलेली ९० मुलं आणि त्यावर अभ्यास करणारी ४७ मुलं, यांच्यामध्ये ४३ मुलं उरतात. वर्गात ऑनलाइन साधनं वापरू पाहणाऱ्या प्रत्येक शिक्षकानं आधी या ४३ मुलांचा विचार करावा, असं मला ठामपणे वाटतं.

ती गळतात कुठे? पाहणी करणाऱ्यांनी मुलांना फोन आणून त्यावर काही कामं करून दाखवायला सांगितली: गजर लावणं, माहिती शोधणं, यूट्यूबवरचा एखादा व्हिडिओ शोधणं. त्या वेळी फोन मिळू शकला ७०.२ टक्के मुलग्यांना आणि ६२.२ टक्के मुलींना. ज्यांना मिळाला, त्यांच्यापैकी सुमारे ८७ टक्क्यांनी व्हिडिओ शोधून दाखवला. कौशल्य आहे, पण हवा तेव्हा फोन हाताशी नाही. तो वडिलांबरोबर शेतात किंवा रिक्षात असतो, नाहीतर मोठ्या भावाच्या खिशात. वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन आहे ३६.२ टक्के मुलग्यांकडे आणि २६.९ टक्के मुलींकडे. सगळ्या मुलामुलींवर हा हिशेब बसवला तर १०० मुलग्यांमागे ३१ आणि १०० मुलींमागे २१ फोन येतात. नववीच्या वर्गात संध्याकाळी सात वाजता पाठवलेला गृहपाठ आधी कुणापर्यंत पोहोचतो आणि कोण रांगेत थांबतं, हे या दोन आकड्यांत दिसतं.

टाळेबंदीतले आकडे आणखी बोलके आहेत. २०१८ मध्ये ३६.५ टक्के विद्यार्थ्यांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० मध्ये हे प्रमाण ६१.८ टक्क्यांवर गेलं. तरीही सप्टेंबर २०२० च्या पाहणीत, मागच्या आठवड्यात शाळेकडून काही तरी अभ्यास मिळाला असं सांगणारी मुलं होती ३५.६ टक्के. त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांना तो व्हॉट्सॲपवरून मिळाला. महाराष्ट्रात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला याच मार्गानं चालली, आणि कित्येक शिक्षकांनी स्वतःच्या रिचार्जवर ती मुलांपर्यंत नेली. त्यांच्या त्या धडपडीचं मोल मी कमी लेखणार नाही. पण देशभरात ज्यांना काहीच मिळालं नाही, त्यांच्या पालकांना कारण विचारलं तेव्हा सुमारे ६८ टक्के म्हणाले, शाळेनं पाठवलंच नाही. स्मार्टफोन नाही हे कारण सांगणारे होते सुमारे २४ टक्के. फोन नसण्यापेक्षा शाळेकडून काहीच न येणं हे कारण जवळजवळ तिप्पट पालकांनी सांगितलं, हे आपल्या चर्चेतून फार लवकर निसटलं. वर्षभरानं, २०२१ मध्ये, फोन ६७.६ टक्के घरांत पोहोचला होता, पण त्या घरांतल्या २६.१ टक्के मुलांना तो अभ्यासाला मिळतच नव्हता.

आता पाठवायचं काय, ते बघू. २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या ४८.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. अशा वर्गाच्या ग्रुपवर आठ पानांची पीडीएफ टाकली, तर निम्म्या मुलांच्या दृष्टीनं ती कोरीच असते. त्यापेक्षा बाईंच्या आवाजातला दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज चांगला. तो कमी डेटात उतरतो, आजी-आजोबांनाही ऐकता येतो, आणि रात्री फोन हातात आल्यावर पुन्हा ऐकता येतो.

आणि त्याहून साधी गोष्ट म्हणजे फोन करणं. बोट्स्वानात २०२० मध्ये सुमारे साडेचार हजार कुटुंबांवर एक प्रयोग झाला. काहींना दर आठवड्याला गणिताचे फक्त एसएमएस गेले, काहींना एसएमएसच्या जोडीला शिकवणाऱ्याचा साधारण वीस मिनिटांचा फोनही गेला. नुसत्या एसएमएसचा ठळक फायदा दिसला नाही. फोन गेलेल्या मुलांचं गणित मात्र सुधारलं. पुढे भारतासह पाच देशांत हाच प्रयोग झाला, तिथंही फोनवरच्या शिकवणीचा फायदा दिसला. त्यासाठी स्मार्टफोन लागला नाही, साध्या बटणांच्या फोनवर काम भागलं. चाळीस मुलांना दर आठवड्याला फोन करणं एका शिक्षकाला झेपणार नाही, हे उघड आहे. पण सर्वांत मागे पडलेल्या पाच-सहा जणांना करता येईल, जर हजेरी, पोषण आहार आणि नाना पोर्टलांवरच्या नोंदींतून त्याचा वेळ मोकळा केला तर. तंत्रस्नेही शिक्षकाकडून आपण जे मागतो, त्यात शिकवण्यापेक्षा माहिती भरणंच वाढत चाललं आहे, हे मला अन्यायाचं वाटतं.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडची त्यांची कल्पना आधी राज्यानं, मग देशानं उचलली. कोड पुस्तकात आला, पण तो शाळेत उघडायचा तर रेंज हवी. शाळांच्या सरकारी माहितीच्या 'यूडायस प्लस' नोंदींनुसार २०२३-२४ मध्ये देशातल्या ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होतं, २०२४-२५ मध्ये ६३.५ टक्के शाळांत. वर्षभरात जवळपास दहा टक्केबिंदूंची ही वाढ चांगलीच आहे. तरी १४.७१ लाख शाळांपैकी सुमारे ५ लाख ३७ हजार शाळा त्या वर्षीही इंटरनेटविना होत्या, आणि अशा शाळेत कोड उघडतो तो शिक्षकाच्या खिशातल्या फोनवरच.

समाजमाध्यमांचा वापर आणखी एका बाजूनं मोजायला हवा. ती वापरणाऱ्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ६२ टक्क्यांना एखाद्या खात्याला ब्लॉक करणं किंवा त्याची तक्रार करणं माहीत होतं. प्रोफाइल खासगी करणं माहीत होतं ५५.२ टक्क्यांना, पासवर्ड बदलणं ५७.७ टक्क्यांना. मोठ्यांचं वागणंही फार वेगळं नाही. ह्यूमन राइट्स वॉचनं २०२२ मध्ये ४९ देशांत वापरली जाणारी शैक्षणिक ॲप्स आणि संकेतस्थळं तपासली. त्यांपैकी सुमारे ८९ टक्के मुलांच्या माहितीच्या बाबतीत धोक्याची निघाली. त्यांत आपलं सरकारी शैक्षणिक ॲप 'दीक्षा'ही होतं. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती मूल मानली आहे आणि पालकांच्या संमतीची अट आहे. असं असताना बक्षीस घेणाऱ्या मुलीचा फोटो, तिचं पूर्ण नाव, इयत्ता आणि गाव एकाच पोस्टमध्ये सर्वांना दिसेल असं टाकणं शाळांनी थांबवावं. वही दाखवा, फळा दाखवा, मुलांनी केलेला प्रयोग दाखवा, चेहरा आणि पत्ता नको. आणि ब्लॉक करणं, प्रोफाइल खासगी करणं, पासवर्ड बदलणं यासाठी आठवी-नववीला एक तास ठेवावा. इंटरनेट नसलेल्या शाळेतही तो फळ्यावर घेता येतो. घ्यायचा तर पहिल्या सत्रातच घ्यावा, कारण फोन वापरता येणाऱ्यांपैकी ७६ टक्के मुलं समाजमाध्यमांवर आधीच पोहोचली आहेत.