राठ बोटांसाठी घरगुती स्टायलस

मंडळी, आयुष्यभर खुरपं धरलेली बोटं राठ होतात आणि मोबाइलचा पडदा त्यांना दाद देत नाही. आजीला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. तसं नाही हो! या पडद्याला दाब कळत नाही. बोट टेकलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो, तेवढंच त्याला कळतं. जाड, कोरड्या कातडीमुळे तो बदल फार थोडा होतो. नुसत्या प्लास्टिकच्या काडीने तर होतच नाही.

आता बघा. कान साफ करायची कापसाची काडी घ्या, एक टोक कापा आणि रिफिल काढलेल्या पेनात बसवा. कापसाच्या बुडापासून पेनाच्या पकडीपर्यंत, पोळ्या गुंडाळतो ती फॉइल घट्ट गुंडाळा. फॉइल कापसाला टेकलीच पाहिजे. पडद्याला मात्र लागू देऊ नका, ओरखडे पडतील. कापूस जरासा ओला करा, थेंब गळता कामा नये. टेकवल्यावर ५-६ मिलिमीटर जागा व्यापली पाहिजे. त्याहून बारीक स्पर्श बरेच पडदे धरत नाहीत.

पकड फॉइलवरच हवी. म्हणजे एका बोटाच्या टोकाऐवजी अख्खी मूठ पडद्याशी जोडली जाते. कापूस वाळला की पुन्हा भिजवा. आणि हो, फोन आजीलाच लावू द्या.