मोरे घ्यावी दात बघून

बैलबाजारात जाणता शेतकरी आधी बैलाचं तोंड उघडतो. आदत आहे, दोन दाती आहे की जुळलेला, हे पाहिल्याशिवाय भावाची बोलणी सुरू होत नाहीत. रंग, शिंगं, वशिंड हे सगळं नंतर. घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी मोरे ईल घ्यायला निघालेल्या माणसानं हीच रीत पाळली, तर पुढचे बरेच घोटाळे टळतात. पण होतं उलटंच. दुकानातल्या टाकीत दगडाच्या फटीतून करंगळीएवढं जाड, ठिपक्याठिपक्यांचं डोकं बाहेर येतं, तोंडाची उघडझाप करतं आणि बघणारा रंगावर भाळून खिशात हात घालतो. या करंगळीचं पुढे मनगट होणार की मांडी, तिला कोळंबी लागणार की टाकीतले बाकीचे मासे, याचा विचार घरी आल्यावर सुरू होतो.

मोरे या नावाचा जावळीच्या मोऱ्यांशी काही संबंध नाही. इंग्रजांनी ते पोर्तुगिजांकडून उचललं आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘मुरेना’ आहे. कोकणच्या बाजारात वाम म्हणून येते ती लांबुळकी मासळी हिच्या दूरच्या गोतावळ्यातली. जगात मोरेच्या सुमारे २०० जाती आहेत. अंगावर खवले नाहीत, त्याऐवजी बुळबुळीत चिकटा. छातीशी पर नाहीत. कल्ल्याच्या जागी एक छोटं गोल भोक. या भोकातून पाणी खेळतं राहावं म्हणून तिला सतत तोंड उघडावं-मिटावं लागतं. पाहुण्यांना वाटतं ती दात विचकून धमकावतेय, पण ती बिचारी फक्त श्वास घेत असते.

हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. मोरेचेही दात दोन ठिकाणी असतात, मात्र दोन्हीकडचे खायचेच. बहुतेक मासे भक्ष्य गिळतात ते पाण्याच्या ओढीनं: तोंड झटकन फाकवायचं आणि पाण्याबरोबर भक्ष्य आत खेचायचं. मोरे राहते खडकाच्या फटीत, डोकं अरुंद, गाल फुगवायला जागाच नाही. मग ती एवढे मोठे घास गिळते कशी? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत रीटा मेहता आणि पीटर वेनराइट यांनी याचा छडा लावला आणि २००७ साली तो ‘नेचर’मध्ये छापून आला. मोरेच्या घशात, कवटीच्या मागे, दातांनी भरलेला दुसरा जबडा असतो. पुढच्या जबड्यानं भक्ष्य धरलं की हा मागचा जबडा सरकत तोंडापर्यंत येतो, घास पकडतो आणि अन्ननलिकेकडे ओढून नेतो. पाण्याच्या ओढीची गरजच उरत नाही.

मागचा जबडा काही आपल्याला दिसत नाही. खरेदीच्या वेळी उपयोगी पडतात ते पुढचे दात, आणि त्यांच्या ढोबळमानानं दोन तऱ्हा आहेत. एक, सुईसारखे लांब, आत वळलेले. हे मासे पकडणारीचे. त्यांच्यातून निसटता येत नाही. दुसरी तऱ्हा बोथट, दाढांसारख्या दातांची. हे खेकड्याची पाठ फोडणारीचे. घरच्या टाकीत माशांबरोबर मोरे ठेवायची असेल तर ती या दुसऱ्या घरातली हवी.

या घरातली सगळ्यांत परिचित लेक म्हणजे स्नोफ्लेक, शास्त्रीय नाव एकिडना नेब्युलोसा. पांढुरक्या अंगावर काळे ओबडधोबड डाग, त्यांत पिवळे ठिपके, नाकपुड्या पिवळ्याधमक. तांबड्या समुद्रापासून पॅसिफिकच्या पार पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत ती आढळते. टाकीत साधारण दोन फुटांची होते, थोडी पुढेही जाते. खेकडे-कोळंबी हे तिचं मुख्य अन्न. भरतीच्या पट्ट्यात खेकड्यामागे ती पाण्याबाहेर खडकावरही येते, हे माहीत होतं. पण हवेत ती गिळते कशी, हे कोडं होतं. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझला मेहतांनी स्नोफ्लेकना उतरणीवरून कोरड्यावर चढून माखुलाचे तुकडे घ्यायला काही वर्षं खपून शिकवलं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात दिसलं ते असं, की घास घ्यायला ती पाण्यात परतत नाही, घशातला जबडा कोरड्यातही आपलं काम करतो. टाकीवाल्यानं यातून घ्यायची गोष्ट वेगळी आहे: हा प्राणी शिकतो, आणि पाण्याबाहेर पडायला त्याला अजिबात संकोच वाटत नाही.

म्हणून झाकण.

मोरे दगावण्याच्या कारणांत टाकीतून निसटून जमिनीवर सुकून जाणं हे फार वरचं कारण आहे. पाइप आत जातो ती खाच, वायरची फट, झाकणाचा एक सैल कोपरा, तिला तेवढं पुरतं. डोकं गेलं की बाकीचं अंग जातंच. झाकण घट्ट हवं, त्यावर चिमटे किंवा वजन हवं, आणि खाचांना जाळी हवी. नवी आणलेली मोरे पहिल्या काही रात्री सगळे कोपरे ढोसून बघते, त्यामुळे झाकण आधी आणि मोरे नंतर.

रीफ टँक म्हणजे नुसती माशांची टाकी नव्हे. तिच्यात प्रवाळ असतात, दगडांची रचना असते, साफसफाईला कोळंबी-खेकडे असतात. मोरे प्रवाळ खात नाही, पण हातभर लांबीचं पिळदार अंग दगडांतून घुसवताना नुकतं चिकटवलेलं प्रवाळ ती सहज पाडते. दगड वाळूवर नुसते रचले असतील तर ती खालून उकरते आणि डोलारा कोसळतो. त्यामुळे दगड थेट तळाच्या काचेवर टेकवायचे आणि वाळू मागाहून घालायची. आत पीव्हीसी पाइपचे एक-दोन तुकडे दडवले की बाईसाहेबांची सोय होते. भारतात इथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. आपल्या किनाऱ्यावरून प्रवाळ किंवा त्याचा दगड उचलून आणणं हा गुन्हा आहे, मग तो कितीही मेलेला दिसो.

साफसफाईच्या कोळंबीची गोष्ट जरा विचित्र आहे. समुद्रात हीच कोळंबी मोरेच्या उघड्या तोंडात शिरून दात कोरते आणि सुखरूप बाहेर येते. टाकीत हा करार टिकेलच याचा भरवसा नाही. स्नोफ्लेक आणायची तर कोळंबी आणि खेकड्यांवर पाणी सोडायची तयारी ठेवावी. मासे बहुतांशी वाचतात. तोंडात मावेल असा चिमुकला मासा मात्र रात्री तिच्या वाटेत आला तर तिनं मोह आवरावा, ही अपेक्षा जास्तच झाली.

झेब्रा मोरेचे दात तर गोट्या मांडल्यासारखे. काळपट तपकिरी अंगावर पांढऱ्या बारीक कड्या, स्वभावानं संथ, माशांकडे जवळपास ढुंकून न बघणारी. दातांच्या परीक्षेत ती पहिली येते, पण लांबीत नापास होते. दीड मीटरपर्यंत वाढणाऱ्या या जनावराला ५०० लिटरची टाकीही हळूहळू लहान पडू लागते. स्नोफ्लेकचं ३०० लिटरमध्ये, म्हणजे साधारण चार फुटी टाकीत, भागतं. हे ३०० लिटर म्हणजे नुसत्या पाण्याचं ३०० किलो वजन; दगड, काच आणि स्टँड वेगळे.

दुकानात फसगत होते ती बहुतेकदा ‘टेसलेटा’ या नावाखाली. पांढऱ्यावर काळे ठसठशीत डाग, मधाच्या पोळ्यासारखी नक्षी. लहानपणी इतकी देखणी की स्नोफ्लेक तिच्यापुढे फिकी वाटावी. ही भारताच्या समुद्रातलीही रहिवासी आहे. पण हिचे दात सुयांचे आहेत आणि तिच्या लांबीची नोंद तीन मीटरपर्यंत जाते. टाकीतले मासे एकेक करून गायब होतात, आणि दोन-तीन वर्षांनी मालक ओळखीपाळखीत विचारत फिरतो की कुणाला मोरे हवी आहे का. जपान आणि हवाईकडून येणारी ड्रॅगन मोरेही मासे मारणारीच. तिचा जबडा इतका वाकडा की तोंड नीट मिटतही नाही आणि दात कायम दिसतात. तेवढं तरी तिनं प्रामाणिकपणे जाहीर केलेलं असतं.

खऱ्या अर्थानं लहान टाकीला शोभणारी मोरे म्हणजे पिवळी बुटकी, गोल्डन ड्वार्फ. जेमतेम वीतभर, फार तर २६ सेंटिमीटर. शंभर-सव्वाशे लिटरमध्ये तिचं आयुष्य मजेत जातं. अडचणी दोनच: किंमत ऐकून माणूस दचकतो, आणि एवढे पैसे मोजून आणल्यावर ती दिवसचे दिवस दगडाच्या आड बसून राहते.

रिबन ईलबद्दल मात्र स्पष्टच सांगायला हवं. निळी शाई ओतल्यासारखं अंग, पाठीवर पिवळा पर, नाकावर पानांसारखे दोन पापुद्रे. पाण्यात ती चालते तेव्हा फीत उलगडल्यासारखी दिसते. तिची कथाही तशीच. पिल्लू काळं, मोठं झालं की नर होऊन निळं, आणि पुढे मादी होऊन पिवळं. रंग बघून विकत घेतलं जाणारं हे जनावर टाकीत बहुधा खातच नाही. वाळूत अर्धं गाडून घेऊन जिवंत लहान माशांची वाट बघणारी ही जात कापलेल्या माखुलाला अन्न मानत नाही, आणि काही आठवडे, काही महिने झुरून मरते. अपवाद आहेत, पण अनुभवी लोकांच्या टाकीत, आणि त्यांनाही घाम फुटतो. मोरेचं पारदर्शक, चपटं पिल्लू कित्येक महिने उघड्या समुद्रात तरंगत वाढतं. त्यामुळे टाकीत पैदास करून विकण्याचा धंदा अजून उभा राहिलेला नाही. दुकानातली जवळजवळ प्रत्येक मोरे कुठल्या ना कुठल्या खडकातून काढून आणलेली असते. मग उपाशी मरणारी रिबन ईल म्हणजे नुसते वाया गेलेले पैसे नव्हेत.

‘गोड्या पाण्यातली मोरे’ ही दुसरी थाप. तिचं मूळ आपल्याच देशात आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरचं पुस्तक १८२२ साली काढलं, त्यात ही जात नोंदवली. तिच्या नावातला ‘टिले’ तेव्हापासूनचा. ती खाडीमुखाशी, मचूळ पाण्यात राहते. निव्वळ गोड्या पाण्यात ठेवलेली टिले काही काळ तग धरते, मग खाणं सोडते आणि आजारी पडते.

मुंबई-पुण्यात मोरे पाळणाऱ्याची खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते. रीफ टँकचं पाणी २४ ते २६ अंशांत ठेवायचं तर चिलर लागतो, आणि वीज गेली तर बॅटरीवर चालणारा पंप. मोरे भरपूर आणि मांसाहारी खाते, त्यामुळे घाणही तशीच करते. प्रोटीन स्किमर दांडगा हवा, नाहीतर नायट्रेट चढतं आणि त्याचा राग आधी प्रवाळ काढतात. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर दिली जाणारी तांब्याची औषधं खवले नसलेल्या या अंगाला सोसणं कठीण, आणि प्रवाळ-कोळंबीला तर ती विषच. आजारी मासा वेगळ्या टाकीत काढावा.

खाऊ घालणं सोपं आहे, पण चिमट्यानं. माखूल, सालासकट कोळंबी, समुद्री माशाचे तुकडे, आठवड्यातून दोन-तीनदा. रोज घातलं तर ती लठ्ठ होते. गोड्या पाण्यातले गोल्डफिश जिवंत सोडणं हा जुना खोडसाळ प्रकार तिच्या यकृताला महाग पडतो. तिची नजर अधू, नाक तिखट: माखुलाचा वास लागलेलं बोट आणि माखूल यांत तिला फरक कळत नाही. थायलंडच्या सिमिलन बेटांजवळ २००५ साली एका पाणबुड्यानं राक्षसी मोरेला हातानं खाऊ घालताना अंगठा गमावला. डॉक्टरांनी पुढे त्याच्या पायाचं बोट हाताला लावून दिलं. घरातली स्नोफ्लेक इतकं करणार नाही, पण टाके पडू शकतात.

मोरेचा लळा मात्र फार जुना आहे. रोमचा वक्ता होर्टेन्सियस नेपल्सजवळच्या बाऊलीच्या तळ्यातली आपली मोरे मेली तेव्हा रडला होता, असं थोरला प्लिनी सांगतो. पुढे त्याच वाड्यात अँटोनिया नावाच्या रोमन बाईनं आपल्या लाडक्या मोरेच्या अंगावर कर्णभूषणं घातली आणि ती पाहायला लोक गर्दी करू लागले. स्नोफ्लेकही नीट ठेवली तर पंधरा वर्षं सोबत करते, आणि टाकीपाशी कोण आलं की खायला मिळतं हे तिला बरोबर कळतं.

दुकानात गेल्यावर म्हणूनच घाई करू नये. अंगावर ओरखडे, पांढरे चट्टे आहेत का, ती फटीत दडून बसली आहे की उघड्यावर निपचित पडली आहे, हे आधी बघावं. मग दुकानदाराला सांगावं, हिला माझ्यासमोर खायला घालून दाखवा. तो कुरकुरला किंवा मोरेनं तोंड फिरवलं, तर पुढच्या रविवारी पुन्हा यावं. आणि तिनं चिमट्यातला तुकडा घ्यायला तोंड पुरतं उघडलं, तर काचेला नाक लावून पटकन बघून घ्यावं, आतमध्ये सुया आहेत की दाढा.