उरलेल्या अन्नाचा गॅस : पुण्याच्या 'आरती' संस्थेचे काम आणि आपला कारागीर

आमचा धंदा कापडाचा. चुलीविषयी आणि गॅसविषयी आम्ही का लिहावे, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. वस्तू चांगली असली तरी ती विकावी कशी, भाव कोणता लावावा, बिघडली तर दुरुस्त कोणी करावी, हे प्रश्न व्यापाऱ्याचे आहेत. ऊन, वारा, शेण, पालापाचोळा यांपासून मिळणाऱ्या ऊर्जेचा प्रसार पुष्कळदा याच प्रश्नांवर अडतो. पुण्याच्या एका बिगरनफा संस्थेने हे प्रश्न कसे सोडविले, ते पाहण्यासारखे आहे.

या संस्थेचे नाव अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट. लोक तिला 'आरती' म्हणतात. शास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९६ मध्ये स्थापन केली. तिची पद्धत अशी की आधी स्वस्त व सोपी वस्तू तयार करायची, मग ती बनविणे गावच्या कारागिराला शिकवायचे आणि विक्रीचा नफा त्याच्याच हाती राहू द्यायचा.

सुधारित चुलीचे उदाहरण घ्या. केंद्र सरकार अशा चुली अनुदानावर देत असे. २००२ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला. अनुदान गेले की गिऱ्हाईक जाते, असा बाजाराचा अनुभव आहे. पण 'आरती'ने कुंभारांना आणि गावातील महिलांना चुली घडविण्याचे शिक्षण दिले व अनुदानाशिवाय, पूर्ण किमतीला विकण्याची वाट धरली. ज्याची रोजी त्या चुलीवर चालते, तो दुरुस्तीलाही धावत येतो.

दुसरे काम उसाच्या पाचटाचे. तोडणीनंतर शेतकरी ते शेतातच पेटवून देतात. संस्थेने बंद भट्टीत पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या बनविण्याची रीत बसविली. याबद्दल तिला २००२ मध्ये इंग्लंडचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. २००६ मध्ये तोच पुरस्कार पुन्हा मिळाला, तो घरगुती बायोगॅससाठी. हे तिसरे काम आपल्या शहरी बांधवांच्या सर्वांत जवळचे आहे.

गोबरगॅसला गुरे लागतात, जागाही लागते. ठाण्यात माजिवड्याला किंवा राबोडीला ती कोठून आणणार? 'आरती'च्या संयंत्रात शेण फक्त सुरुवातीला लागते. बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या दोन टाक्या घ्यायच्या, एक मोठी आणि एक थोडी लहान. मोठीत शेणाचे पाणी भरून लहान टाकी तिच्यात उपडी ठेवायची. जंतू वाढले की रोज शिळा भात, भाकरी, खराब पीठ, सडके धान्य पाण्यात कालवून नळीने आत सोडायचे. गॅस साठला की वरची टाकी उचलली जाते. तिच्या तोटीतून नळी थेट शेगडीला जाते.

आता हिशेब. संस्थेच्या सांगण्याप्रमाणे सुमारे दोन किलो पिठूळ पदार्थापासून अर्धा किलो मिथेन एका दिवसात मिळतो. म्हणजे महिन्याला पंधरा किलोपर्यंत, साधारण एका घरगुती सिलिंडरइतका. पण हे दोन किलो कोरड्या वजनाचे समजावे. शिजलेल्या भातात निम्म्याहून अधिक पाणीच असते. त्यामुळे लहान घरात गॅसची थोडी बचत होईल, सिलिंडर सुटणार नाही. खरा फायदा हॉटेल, बेकरी, शादीखाना आणि वसतिगृहाला आहे. वलीम्यानंतर उरलेला भात आधी भुकेल्याच्या पोटात जावा. जो खाण्याजोगा राहिला नाही, तो टाकीत. शिवाय २०१६ च्या घनकचरा नियमांनी रोज १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्यांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरविण्याची जबाबदारी टाकली.

सावधगिरीही ध्यानात असावी. टाकी मोकळ्या, उन्हाच्या जागी हवी. हाडे, अंड्याची टरफले, चिवट साली आत टाकू नयेत. एकदम जास्त अन्न घातले तर आत आंबटपणा वाढून गॅस जळेनासा होतो. हा गॅस सिलिंडरमध्ये भरण्याचा खटाटोप कोणी करू नये.

मुंब्रा, राबोडी, भिवंडीत नळजोडणी करणारे आणि टाक्यांचे काम जाणणारे कारागीर आपल्यात पुष्कळ आहेत. या संयंत्रात त्यांना न येणारे असे फारसे काही नाही. कमी आहे ती चार दिवसांच्या शिक्षणाची, आणि पहिली टाकी आपल्या आवारात बसवून घेणाऱ्या एखाद्या हॉटेलवाल्याची. व्यापारी संघटनांनी या दोघांची गाठ घालून द्यावी. यात कोणाला खैरात द्यायची नाही. कारागिराला नवे काम मिळेल आणि हॉटेलवाल्याचे गॅसचे बिल उतरेल, असा हा दोघांच्या फायद्याचा सौदा आहे.