संगणकाचा फळा

गेल्या चैत्रातली गोष्ट. आमची सूनबाई बचत गटाचा हिशेब घरच्या संगणकावर लिहिते. दुसऱ्या दिवशी सकाळी गटाची सभा होती. कुणाची वर्गणी आली, कुणाचा कर्जाचा हप्ता राहिला, सारं लिहून होत आलं होतं. एवढ्यात पडद्यावर इंग्रजीत एक सूचना आली आणि हिशेबाची खिडकी आपोआप मिटली. दोन तासांचं लिखाण गेलं.

वीज तर गेली नव्हती. मग झालं काय? चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. नातवाला कुणीतरी सांगितलं होतं, की संगणकाची 'व्हर्च्युअल मेमरी' बंद केली की तो जोरात पळतो. त्याने ती आदल्याच दिवशी बंद केली होती. पोराचा हेतू वाईट नव्हता. पण ही मेमरी म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर आम्हालाही नव्हतं. मग आम्ही ते शिकून घेतलं.

शाळेतला फळा डोळ्यांपुढे आणा. चालू गणित फळ्यावर असतं. संगणकाचा फळा म्हणजे रॅम. जे काम चालू आहे ते रॅमवर मांडावं लागतं. संगणक बंद केला की हा फळा पुसला जातो. दुसरी वस्तू डिस्क. ती म्हणजे ऑफिसातलं दप्तराचं कपाट. तिथं ठेवलेलं वीज गेली तरी राहतं. फळा लहान, कपाट मोठं. आमच्या संगणकाची रॅम ४ जीबी आहे आणि डिस्क ५०० जीबी.

आता फळा भरला आणि नवं गणित घालायचं आहे. अशा वेळी आम्ही काय करायचो? ज्या गणिताकडे बराच वेळ कुणी पाहिलं नाही, ते वहीत उतरवून घ्यायचो आणि तेवढाच कोपरा पुसायचो. पुन्हा लागलं की वहीतून फळ्यावर. संगणकही नेमकं हेच करतो. डिस्कवरच्या त्याच्या या वहीला 'पेजिंग फाइल' म्हणतात. वहीच्या आधाराने फळा आहे त्यापेक्षा मोठा भासतो. म्हणून नाव व्हर्च्युअल, म्हणजे आभासी.

ही युक्ती जुनी आहे बरं का. इंग्लंडात मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सोबत्यांनी 'ॲटलस' नावाचा संगणक बांधला. तो १९६२ साली सुरू झाला. जलद मेमरी तेव्हा फार महाग. म्हणून थोडी जलद मेमरी आणि जोडीला फिरता ड्रम अशी सोय केली. मजकुराची पानं करून यंत्र ती आपणच इकडून तिकडे नेई. पानाला इंग्रजीत पेज म्हणतात, त्यावरून पेजिंग.

मग नातवाला सांगितलेलं अगदीच खोटं होतं का? अर्धं खरं होतं. वही आणायला वेळ लागतो. फळ्यावरचा आकडा वाचायला एक सेकंद लागतो असं धरा. त्या मानाने जुन्या फिरत्या डिस्कवरून तो आणायला एक दिवसाहून जास्त लागेल! नव्या एसएसडी डिस्कला काही मिनिटं पुरतील. पण वही फेकून दिली म्हणून फळा मोठा होत नाही. भरलेल्या फळ्यावर नवं लिहायला जागा मिळत नाही, आणि चालू काम कोलमडतं. सूनबाईचं तेच झालं.

विंडोजच्या संगणकात ही सोय अशी तपासावी. विंडोजचं बटण आणि 'आर' एकदम दाबा. चौकट उघडेल. तिच्यात एस, वाय, एस, डी, एम, मग टिंब, मग सी, पी, एल ही इंग्रजी अक्षरं जोडून लिहा आणि एंटर दाबा. 'ॲडव्हान्स्ड' वर जा. तिथं 'परफॉर्मन्स' खाली 'सेटिंग्ज' आहे, ते दाबा. पुन्हा 'ॲडव्हान्स्ड', मग 'व्हर्च्युअल मेमरी' खालचं 'चेंज'. सगळ्यात वर 'ऑटोमॅटिकली मॅनेज' अशी ओळ दिसेल. तिच्यापुढे बरोबरची खूण असली, की वहीचा आकार संगणक स्वतः ठरवतो. घरच्या कामाला हेच उत्तम. खूण काढून 'कस्टम साइज' मध्ये आपले आकडे घालता येतात, ते एमबीत. १ जीबी म्हणजे १०२४ एमबी. पण कारण नसताना त्या भानगडीत पडू नये. 'नो पेजिंग फाइल' ला तर हात लावू नये.

डिस्क गच्च भरलेली असली तर वही वाढणार कुठे? थोडी जागा मोकळी ठेवावी. नको त्या खिडक्या मिटाव्यात. एवढं करूनही संगणक रोजच अडखळत असेल, तर रॅम वाढवून घ्यावी. काही संगणकांत ती वाढवता येत नाही, आधी दुकानात विचारावं.

त्या रात्री आम्ही ती खूण परत केली आणि संगणक बंद करून पुन्हा चालू केला. मग पावत्या घेऊन बसलो. नातू आकडे वाचत होता, सूनबाई लिहीत होती. दर चार ओळींनी ती कंट्रोल आणि एस ही बटणं एकदम दाबी, म्हणजे लिहिलेलं कपाटात जाई. बारा वाजता हिशेब जुळला.