कारखानदाराचे दप्तर : लेखांक ७ – दूरस्थ चिटणीस

मागील लेखांकात आवक-जावक बारनिशीचा विचार करताना, ती ठेवावयाची कोणी, हा प्रश्न मी मुद्दामच अनुत्तरित ठेवला होता; कारण त्याचे उत्तर द्यावयाचे तर चिटणिशीच्या स्वरूपाविषयी आधी दोन शब्द बोलणे प्राप्त होते. शिवछत्रपतींचे चिटणीस बाळाजी आवजी यांची आख्यायिका बहुतेक वाचकांनी शाळेतच ऐकली असेल : महाराजांनी सांगितलेला खलिता लिहावयास सवड न मिळाल्यामुळे बाळाजींनी कोरा कागद हाती धरून तो अस्खलित वाचून दाखविला, आणि प्रकार उघडकीस आल्यावर महाराज रुष्ट होण्याऐवजी प्रसन्न झाले. ही गोष्ट इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते ते इतिहासकारांनी पाहावे. परंतु धन्याचे मनोगत ज्यास ठाऊक तो चिटणीस आणि नुसता बोरू चालवितो तो कारकून, हा भेद तिच्याइतका स्वच्छ दुसऱ्या कोणी सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही.

आज इंग्रजी व्यवहारात ज्यास रिमोट एक्झिक्युटिव्ह असिस्टंट म्हणतात तो याच परंपरेतला, फक्त धन्याच्या कचेरीत न बसणारा. गंमत अशी की, ही सेवा आपल्या देशाने प्रथम परक्यांस पुरविली. २००५ साली ए. जे. जेकब्स या अमेरिकन लेखकाने आपली पत्रे, खरेदी, फार काय, पत्नीशी झालेल्या वादातील समेटदेखील बेंगळुरूच्या साहाय्यकांवर सोपवून त्या प्रयोगाची हकीकत ‘एस्क्वायर’ मासिकात लिहिली. दोन वर्षांनी टिमथी फेरिस यांच्या ग्रंथाने ती कल्पना जगभर पोहोचविली. आपल्या कारखानदारास मात्र, चिटणीस समोरच्या खुर्चीत नसला तरी काम अडत नाही हे कळावयास २०२० ची टाळेबंदी यावी लागली.

समजा, नाशिकजवळ सातपूरच्या वसाहतीत सुटे भाग तयार करणारा, पन्नास माणसांचा एक कारखाना आहे. मालक स्वतः यंत्रविद्येत निष्णात. परंतु त्याचा दिवस यंत्राजवळ जातो असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच संस्थांच्या प्रमुखांच्या दिनक्रमाचे प्रत्यक्ष निरीक्षण करून १९७३ साली जो ग्रंथ लिहिला, त्यात त्या प्रमुखांची निम्मी कामे नऊ मिनिटांच्या आतच आटोपत असल्याचे दाखविले आहे. ते तर मोठ्या संस्थांचे अधिपती होते. आमच्या सातपूरकराच्या वाट्यास नऊ मिनिटेही सलग येत असतील की नाही, याची मला शंका आहे. सात तारखेस कापलेल्या कराचा भरणा, अकरा तारखेस विक्रीचे जीएसटी विवरण, पंधरास भविष्यनिर्वाह निधी, वीसला पुन्हा जीएसटी. मध्येच महावितरणचे पत्र, मध्येच स्टुटगार्टच्या गिऱ्हाईकाचा तगादा. हिशेब करावयास हिशेबनीस आहे, हे खरे. परंतु त्यास वेळेवर कागद मिळाले की नाहीत हे पाहणारा कोणी नाही, आणि ते पाहणे हीच चिटणिशी.

येथे नेहमीची समजूत अशी, की दूरचा साहाय्यक स्वस्त पडतो म्हणून ठेवावयाचा. खुर्ची, टेबल, जागेचे भाडे वाचते आणि पूर्ण पगाराऐवजी दिवसाच्या चार तासांचा मोबदला देता येतो, हे नाकारण्याचे कारण नाही; पण हा लाभ मला दुय्यम वाटतो. खरा लाभ दूरपणातच आहे. चिटणीस शेजारच्या खोलीत असला, की मालक दारातून हाक मारतो, अर्धे वाक्य बोलतो, उरलेले हातवाऱ्याने पुरे करतो, आणि त्या हुकुमाचा मागमूस कोठेही राहत नाही. तोच चिटणीस साताऱ्यास वा रत्नागिरीस बसला असेल, तर कोणत्या गिऱ्हाईकास किती दिवसांची उधारी द्यावयाची, कोणाचा फोन जेवणाच्या वेळीही घ्यावयाचा, कोणत्या रकमेपुढे मालकास विचारल्यावाचून होकार द्यावयाचा नाही, हे सारे लिहून द्यावेच लागते. आजवर केवळ मालकाच्या मस्तकात असलेले दप्तर अशा रीतीने कागदावर उतरते. आणि उद्या तो चिटणीस सोडून गेला, किंवा मालक स्वतः पंधरा दिवस अंथरुणास खिळला, तरी ते मागे राहते.

येणे वसुलीचेच उदाहरण घ्या. सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे पैसे, करारात काहीही मुदत लिहिलेली असो, जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते झाले पाहिजेत, असे २००६ चा कायदा सांगतो. पण कायदा आपणहून फोन करीत नाही. मालकास मोठ्या गिऱ्हाईकाकडे पैसे मागण्याचा संकोच असतो, कारण उद्या त्याच्याकडूनच नवे काम यावयाचे असते. तिसाव्या दिवशी सौम्य स्मरणपत्र, चाळिसाव्या दिवशी फोन, पंचेचाळिसाव्यानंतर मालकाच्या सहीचे पत्र, असा क्रम एकदा ठरवून दिला, की तिऱ्हाईताच्या तोंडून गेलेला तगादा संबंध न बिघडविता काम करून जातो. स्टुटगार्टच्या गिऱ्हाईकाचे म्हणाल, तर जर्मनीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा येथे उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो. मालक जेवत असताना पहिले उत्तर गेलेले असते, ही सोयही लहान नव्हे.

मसुदे तर हल्ली यंत्रेही लिहितात. परंतु खरेदी अधिकाऱ्याची बदली झाली असून नव्या साहेबास जुन्या ओळखीचा हवाला चालत नाही, हे यंत्रास कोण सांगणार? शिवाय सरकारी कचेऱ्यांशी मराठीत पत्रव्यवहार करू शकणारा माणूस पाहिजे, आणि असा माणूस तालुक्याच्या गावी हमखास सापडतो. नवऱ्याच्या बदलीमुळे किंवा लहान मुलामुळे नोकरी सोडावी लागलेल्या, दहा-दहा वर्षे कचेरी सांभाळलेल्या किती तरी स्त्रिया आज घरी आहेत. त्यांचा अनुभव वाया जावा, ही मला उद्योगाची हानी वाटते.

विश्वासाचा प्रश्न राहतो. ईमेलचा परवलीचा शब्द देऊ नये. तो न देता दुसऱ्यास आपली टपाल पाहण्याची मुभा देण्याची तजवीज जीमेल व आउटलुक या दोहोंत आहे. बँकेचा ओटीपी कोणासही सांगू नये, चिटणिसासही नाही. ज्याच्या हाती गिऱ्हाईकांचे व कामगारांचे तपशील जातात, त्याच्याशी गुप्ततेचा करार असलाच पाहिजे. आणि कामगारांची गाऱ्हाणी दूरस्थ चिटणिसाकरवी ऐकून घेण्याचा मोह टाळावा. ती मालकाने शेडमध्ये उभे राहूनच ऐकावयाची असतात.

कराराची कलमे आणि पहिल्या महिन्याची कामे यांचा विचार पुढील लेखांकात करू. तोवर वाचकांनी एवढे करावे : आठ दिवस, दर अर्ध्या तासास आपण काय केले याची एका ओळीत नोंद ठेवावी, आणि ज्या नोंदीपुढे ‘हे मीच करावयास हवे होते काय?’ असा प्रश्न पडेल तिच्यापुढे फुली मारावी. ती वही पुढच्या आठवड्यास हाताशी असू द्यावी.