केसांचे घरटे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

माकडहाडाच्या टोकाशी, दोन नितंबांमधील घळीत ठणकणारी गाठ आलेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा संकोचापायी ती आईलाही सांगत नाही, आणि कपड्यावरील पुवाच्या डागाने प्रकरण उघडकीस येते तेव्हा इलाजाच्या आधी गैरसमजच दाराशी हजर असतात. या विकाराला ‘पायलोनायडल सायनस’ हे नाव हॉजेस या शल्यविशारदांनी १८८० साली, लॅटिनमधील ‘केस’ आणि ‘घरटे’ हे शब्द जोडून दिले. त्या नावातच त्याचे मर्म आहे.

गैरसमज : हा जन्मजात दोष आहे.
वस्तुस्थिती : वैद्यकशास्त्रानेही हे मत दीर्घकाळ बाळगले होते. पुढे न्हाव्यांच्या बोटांच्या बेचक्यात, जेथे केसांचे मूळच नसते तेथे, गिऱ्हाइकांचे केस रुतून असाच नाडीव्रण (आत नळीसारखी वाट असलेली वाहती जखम) झालेला आढळला, आणि तुटका केस बाहेरून कातडीत शिरतो हा पक्ष बळकट झाला. पौगंडावस्थेत वाढणारे राठ केस, घाम आणि बैठक या गोष्टी त्यास साहाय्य करतात.

गैरसमज : चीर देऊन पू काढला की काम संपले.
वस्तुस्थिती : त्याने ठणका थांबतो, पण केस आणि त्यांची वाट आत शिल्लक राहू शकते; प्रतिजैविकाने केस विरघळत नाही. आत राहिलेल्या शल्यामुळे, म्हणजे परक्या वस्तूमुळे, होणारा नाडीव्रण सुश्रुतानेही निराळा गणला होता.

गैरसमज : जितके खोल कापावे तितका रोग समूळ जातो.
वस्तुस्थिती : सर्वांत हानिकारक समजूत हीच. मोठा भाग काढून जखम उघडी ठेवली, तर ती भरण्यास कित्येक आठवडे, क्वचित महिनेही लागतात, आणि रोजच्या ड्रेसिंगपायी शाळा बुडते. तीच जखम घळीच्या मधोमध शिवली, तर घाम व ताण यांमुळे टाके उसवण्याचे आणि रोग उलटण्याचे भय अधिक. कॅरिडाकिस, लिंबर्ग किंवा बॅस्कम यांच्या पद्धतींत टाक्यांची रेषा मध्यरेषेच्या बाजूस नेतात वा घळच उथळ करतात; रोग उलटण्याचे प्रमाण त्यांत कमी, मात्र शस्त्रक्रिया मोठी आणि व्रण ठळक. याउलट गिप्स यांच्या पद्धतीत गोल पात्याने केवळ छिद्रे कोरून, किंवा दुसऱ्या एका पद्धतीत दुर्बिणीने आत पाहून, केस उपसतात. मुलगा थोड्याच दिवसांत वर्गात परततो. रोग काहीसा अधिक वेळा उलटतो हे कबूल, पण तेच छोटे काम पुन्हा करता येते. म्हणून कोवळ्या वयात पुष्कळदा लहान शस्त्रक्रियेपासून आरंभ करून मोठी राखून ठेवणे श्रेयस्कर ठरते.

गैरसमज : टाके निघाले की निश्चिंत व्हावे.
वस्तुस्थिती : घरटे मोडले तरी केस उगवतच राहतात. अमेरिकेत ११ ते २१ वर्षे वयाच्या रुग्णांवर झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात, लेसरने केस काढलेल्यांपैकी वर्षभरात सुमारे दहा टक्क्यांना, तर केवळ नेहमीच्या उपायांवर राहिलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांशांना रोग पुन्हा झाला. शिवाय नाडीतील केस पुष्कळदा डोक्याच्या मागील बाजूचे, कापलेले तुकडे असतात, असे जर्मन शल्यविशारदांना आढळले आहे. तेव्हा केस कापून आल्यावर कशालाही न शिवता आधी अंघोळीला जाण्याचा जो दंडक आजी घालून देते, त्याचे तिच्या मनातील कारण काहीही असो, या मुलाने तो जरूर पाळावा.